गर्भनिरोधक गोळ्या नक्की किती भरवशाच्या? (आणि माझा झालेला घोळ)

चिंचपाणी | १७ ऑक्टोबर, रात्री ११.२०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय आणि तोही या विषयावर, म्हणून नवा आयडी घेतलाय. समजून घ्या.

वय ३१, मुलगी अडीच वर्षांची. एप्रिलपासून गोळ्या घेतेय. २८ गोळ्यांचं पाकीट असतं ते, २१ पांढऱ्या आणि शेवटच्या ७ चॉकलेटी. आतापर्यंत सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललं होतं, चॉकलेटी सुरू झाल्या की तिसऱ्या दिवशी पाळी. या वेळी आज सातवी चॉकलेटी घेतली आणि पाळीचा पत्ता नाही.

नवरा म्हणतो, गोळ्या ९९ टक्के सुरक्षित असतात, उगाच टेन्शन घेऊ नकोस. नणंद म्हणते, तिच्या ऑफिसातल्या एकीला गोळ्या चालू असतानाच दिवस गेले. म्हणजे धरायचं काय? शंभर वेळा संबंध आला तर एकदा फसणार, असा अर्थ आहे का त्या ९९ चा? तसं असेल तर आमचा शंभरावा नंबर केव्हाच येऊन गेला असेल. :(

आणि उद्या नवं पाकीट सुरू करू की पाळीची वाट बघू?

---

शून्यपूर्णांक | १७ ऑक्टोबर, रात्री ११.४८

वैद्यकीय काही सांगणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. आकड्यांचं सांगतो.

ते टक्के दर खेपेचे नसतात, दर वर्षाचे असतात. शंभर जोडप्यांनी एखादा उपाय वर्षभर वापरला तर किती जणींना दिवस गेले, असा हिशोब. रेमंड पर्ल नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात ही मोजणी रूढ केली, म्हणून पर्ल निर्देशांक म्हणतात. काहीच न वापरणाऱ्या शंभर जणींपैकी साधारण ८५ जणींना वर्षभरात दिवस राहतात. तिथून मोजायला सुरुवात करायची.

आता गंमत. गोळीला एक आकडा नाही, दोन आहेत. अगदी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घेतली तर वर्षाला ०.३, म्हणजे हजारात तीन. आणि खऱ्या घरांत, खऱ्या माणसांनी जशी घेतली जाते तशी घेतली तर ७, म्हणजे हजारात सत्तर! गोळी तीच, कारखाना तोच. तुमचे मिस्टर पहिला आकडा सांगतायत आणि नणंदबाई दुसरा. दोघंही खोटं बोलत नाहीयेत.

(हे आकडे मुख्यतः अमेरिकेतल्या पाहण्यांवरून काढलेले आहेत. आपल्याकडे सातच्या जागी आणखी काही असू शकेल.)

---

बर्फातला_वडापाव | १८ ऑक्टोबर, रात्री १२.३०

वा, शून्य, छान समजावलंस. म्हणजे पाच वर्षांत ३५ टक्के?

---

शून्यपूर्णांक | १८ ऑक्टोबर, रात्री १२.४१

सरळ बेरीज नाही होत. दर वर्षी ९३ टक्के सुटतात असं धरून गुणाकार केला तर पाच वर्षांत ३० च्या आसपास येतं. पण तेही खरं नाही, कारण ज्यांना गोळी झेपत नाही त्या पहिल्याच वर्षात फसतात किंवा सोडतात. ज्यांच्या हाताला सवय लागते त्यांचा धोका पुढे कमी होत जातो. तेव्हा ३० चा आकडा घेऊन कुणी बायकोला घाबरवू नका.

---

बाभूळबन | १८ ऑक्टोबर, सकाळी ६.५५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सोलापूर जिल्ह्यात. राउंडला निघण्याआधी घाईत लिहितेय.

चिंचपाणी, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नवं पाकीट आज सुरू करा, पाळीची वाट बघू नका. समजा दिवस गेलेच असतील तरी सुरुवातीच्या काळात अनवधानाने घेतल्या गेलेल्या या गोळ्यांनी बाळात व्यंग येतं असं दिसलेलं नाही. पण दिवस गेलेले नसतील आणि तुम्ही थांबलात तर मात्र आजपासूनच उघड्यावर आलात.

दुसरं, सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट करा. मेडिकलमध्ये किट मिळतं. निगेटिव्ह आली तरी आठवड्याने पुन्हा करा.

तिसरं, चॉकलेटी गोळ्यांवर येते ती खरी पाळी नसतेच. पांढऱ्या गोळ्यांमधली हार्मोन्स थांबली म्हणून गर्भाशयाचं अस्तर गळतं, एवढंच. गोळ्यांमुळे अस्तर पातळ राहतं, त्यामुळे एखाद्या महिन्यात काहीच न येणंही बऱ्याच जणींना होतं. तेव्हा पाळी नाही म्हणजे दिवस गेले असं लगेच धरू नका.

आणि आता मला सांगा: गेल्या दोन महिन्यांत गोळी चुकली? नवं पाकीट उशिरा सुरू केलं? उलट्या-जुलाब? दुसरी कुठली औषधं? एकूण एक लिहा, आयुर्वेदिक असलं तरी.

---

स्पष्टवक्ता | १८ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

या गोळ्या शरीराची वाट लावतात. वजन वाढतं, पुढे मूल राहत नाही. आमच्या आज्यांना कुठे लागल्या गोळ्या?

---

आजोळ | १८ ऑक्टोबर, सकाळी ९.३२

आमच्या आजीला अकरा झाली होती हो. पाच जगली. तेराव्या वर्षी लग्न आणि चाळिशीत पंढरीला पोचली. नाही लागल्या तिला गोळ्या.

---

चिंचपाणी | १८ ऑक्टोबर, दुपारी १.१५

सगळ्यांचे आभार. टेस्ट केली. एकच रेघ आली. पण नवऱ्याने आणलेलं किट जुनं आहे का असं वाटत राहतंय, वेड लागायची पाळी आलीय (पाळीच येत नाहीये, तो भाग वेगळा).

बाभूळबन, गोळी एकही चुकलेली नाही. रात्री जेवण झालं की घेते, भांडी घासायच्या आधी. उलट्या नाहीत. उशीर म्हणाल तर... गौरींना सासरी गावी गेलो होतो. पांढऱ्या गोळ्या ८ सप्टेंबरला संपल्या आणि चॉकलेटींवर नेमकी गौरीपूजनाला पाळी आली असती. सासूबाईंनी फोन करून सांगितलंच होतं की या वर्षी उभ्याच्या गौरी तुझ्या हातून मांडायच्या. म्हणून नवऱ्याने मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या. चॉकलेटी सोडून दिल्या आणि पाच दिवस त्या घेतल्या, दिवसातून तीन वेळा. घरी आल्यावर बंद केल्या, तिसऱ्या दिवशी पाळी आली, मग पाचव्या दिवशी नवं पाकीट सुरू केलं. पहिल्यांदा सुरू करताना पाचव्या दिवशीच सांगितलं होतं ना. २० सप्टेंबर असेल.

मध्ये काही दुसरा उपाय वापरला नाही. मला वाटलं त्याही गोळ्याच आहेत.

---

मेडिकलवाला | १८ ऑक्टोबर, दुपारी २.०५

हे वाचून डोक्याला हात लावला. ताई, तुमच्यावर नाही, आमच्या धंद्यावर.

वीस वर्षं काउंटरवर उभा आहे. श्रावण लागला की दिवाळीपर्यंत त्या लांबवायच्या गोळ्यांचा खप किती असतो विचारू नका. सत्यनारायण, मंगळागौर, गौरी, घट. त्याही नवऱ्याला, दिराला, नाहीतर शाळेतल्या पोराला चिठ्ठी देऊन पाठवतात. पोरगं चिठ्ठी पुढे करतं, आम्ही स्ट्रिप कापून देतो. घेणारी कोण, तिला बीपी आहे का, दुसरी गोळी चालू आहे का, काही कळायचा मार्ग नाही. विचारलं तर पोरगं काय सांगणार?

---

बाभूळबन | १८ ऑक्टोबर, रात्री १०.२०

चिंचपाणी, घोळ इथे आहे. शांतपणे वाचा.

पाळी लांबवायची गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅमची. ती अस्तर धरून ठेवते. संततिनियमनासाठी ती दिली जात नाही आणि तिच्यावर त्यासाठी विसंबूही नये. तुमच्या पाकिटातली शेवटची पांढरी गोळी ८ तारखेची आणि पुढच्या पाकिटातली पहिली २० ची. मध्ये मोकळे दिवस किती? अकरा. चालतात किती? सात. सातच्या पुढे एकही नाही.

हे सातचं प्रकरण प्रत्येकीने समजून घ्यायला हवं, कारण बहुतेकींना वाटतं की पाकिटाच्या मध्ये एखादी गोळी राहिली की संपलं. सगळ्यात धोक्याची जागा पाकिटाची दोन टोकं असतात. अंडाशयाला झोपवायला सलग सात गोळ्या लागतात आणि सात दिवस गोळी नसली की ते कूस बदलायला लागतं. आठव्या दिवशी गोळी मिळाली तर परत झोपतं. नाही मिळाली तर उठून बसू शकतं. म्हणून पाकीट संपलं की पाळी येवो, न येवो, चालू असो, थांबलेली असो, दुसऱ्या दिवशी नवं पाकीट. चॉकलेटी गोळ्यांमध्ये नुसतं लोह असतं. त्या बाईची सवय मोडू नये आणि थोडं रक्त भरून यावं म्हणून घातलेल्या आहेत. पाचवा दिवस वगैरे पहिल्या पाकिटापुरतंच होतं, आणि तेही पाच दिवसांच्या आत सुरू करायचं असतं.

आता जे सांगते ते ऐकून तुम्हाला स्वतःचाच राग येईल. गौरींसाठी तुम्हाला दुसरं काहीही आणायची गरज नव्हती. चॉकलेटी सोडायच्या आणि लगेच नव्या पाकिटातली पांढरी सुरू करायची. पाळी आली नसती, संरक्षणही राहिलं असतं. सलग दोन पाकिटं घेतल्याने काही बिघडत नाही. सात दिवसांच्या सुट्टीने तब्येतीला काही विशेष फायदा होतो असंही नाही. मध्ये थोडं डाग लागणं होऊ शकतं, एवढंच.

---

चिंचपाणी | १८ ऑक्टोबर, रात्री १०.४४

पाकीट माझ्या पर्समध्येच होतं. देवघरात बसले होते तेव्हाही पर्स शेजारी होती.

---

आजोळ | १८ ऑक्टोबर, रात्री ११.००

बाळा, झोप आता. उद्या बघू.

---

स्पष्टवक्ता | १९ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

मुळात पाळीत गौर मांडली तर काय होतं हा खरा प्रश्न आहे. तिकडे कोणी वळणार नाही.

---

बर्फातला_वडापाव | १९ ऑक्टोबर, सकाळी ९.०२

पहिल्यांदाच सहमत. पण त्याचा वेगळा धागा काढा प्लीज, इथे तीनशे प्रतिसाद होतील आणि गोळी राहील बाजूला.

---

सायली_बंदर | १९ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

माझा अनुभव लिहिते, कारण डॉक्टरांनी 'दुसरी कुठली औषधं' विचारलं त्यावर सगळे पुढे गेले.

आमचा धाकटा गोळीवरचा आहे. आता नववीत. एकही गोळी चुकवली नव्हती, शपथेवर सांगते. पण मला त्याच वर्षी टीबी निघाला होता, मानेतल्या गाठीचा. सहा महिन्यांचं औषध चालू केलं. ज्यांनी टीबीचं दिलं त्यांनी गोळ्यांचं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लाज वाटली, खरं सांगायचं तर. शेजारी सासरे बसले होते. औषधाने लघवी लाल व्हायची तेवढीच मला धास्ती. चौथ्या महिन्यात दिवस गेले.

नंतर दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून समजावलं की टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की गर्भनिरोधक गोळी रक्तात टिकतच नाही. लवकर साफ होऊन जाते.

मुलगा गुणाचा आहे. पण निर्णय माझा नव्हता.

---

बाभूळबन | १९ ऑक्टोबर, दुपारी ३.१५

सायली, अगदी हेच. आपल्या देशात टीबी इतका आहे की हा मुद्दा गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत हवा. रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत आणि थांबल्यावरही चार आठवडे गोळीवर विसंबू नका. तांबी किंवा दर तीन महिन्यांचं इंजेक्शन चालतं. फिट्सच्या काही औषधांचंही तसंच: कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन.

मात्र सर्दीतापाला मिळणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिक्सने गोळी फेल जाते हा समज चुकीचा आहे. त्या औषधाने उलट्या-जुलाब झाले तर गोष्ट वेगळी. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या.

एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली लगेच घ्या, पुढच्या सलग सात गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरा, आणि हे तिसऱ्या आठवड्यात झालं असेल तर चॉकलेटी टाकून द्या, थेट नवं पाकीट. पहिल्याच आठवड्यात राहिल्या आणि संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीबद्दल विचारा.

---

निळा_रेनकोट | १९ ऑक्टोबर, दुपारी ४.०१

तातडीची म्हणजे ७२ तासवाली ना? मग रोजची कशाला, तीच घ्यायची गरज पडेल तेव्हा?

---

मेडिकलवाला | १९ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

भावा, २००७ मध्ये ती जाहिरात करून बाजारात आली तेव्हापासून हा प्रश्न ऐकतोय. काही पोरं महिन्यात तीनदा घेऊन जातात, मैत्रिणीला चॉकलेट न्यावं तशी. ती बीज बाहेर पडणं पुढे ढकलते. बीज आधीच पडलं असेल तर तिच्या हातात फारसं काही नाही. म्हणून जितकी लवकर तितकी बरी, ७२ तास ही शेवटची गाडी आहे. आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही, तो गैरसमज तर ग्रॅज्युएट लोकांतही आहे.

---

सातपुडा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.५०

मी उपकेंद्रावर नर्स आहे. तुमचे ०.३ आणि ७ वाचले. ते ७ कसे होतात ते मी रोज बघते, म्हणून लिहावंसं वाटलं.

एक बाई पाकीट तांदळाच्या कोठीत ठेवायची, कारण सासूला नातू हवा होता. सासू घरात असली की कोठीला हात लावता येत नाही. सासू बाजाराला गेली नाही की गोळी राहिली. आठवड्यात दोनदा तरी. एक ऊसतोडीला गेली, सोबत दोन पाकिटं नेली, मुक्काम झाला पाच महिने. एकीचा नवरा ट्रकवर असतो. 'तो नसतो तेव्हा कशाला घेऊ ताई?' म्हणून तो आला की सुरू आणि गेला की बंद. आता तिला काय टक्के सांगायचे? तिच्या हिशोबाने ती शहाणपणच करत होती.

अशांना मी छाया नावाची गोळी सांगते. तीही सरकारीच, फुकट मिळते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, आपल्या देशातली. बाजारात १९९० च्या दशकापासून सहेली नावाने होती, सरकारी कार्यक्रमात छाया नावाने २०१६ मध्ये आली. तिच्यात हार्मोन नाही, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. रविवारी सुरू केली तर रविवार-बुधवार. बाजाराचा वार धरून सांगितलं की बायका विसरत नाहीत. पाळी लांबते कधी कधी, ते आधीच सांगावं लागतं, नाहीतर घाबरून सोडतात. पण सात दिवसांहून जास्त खाडा झाला की परत पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा.

अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा. कोठीत लपवायला काही लागत नाही. :)

---

पस्तिशीपार | १९ ऑक्टोबर, रात्री १०.३०

मी ३८, दिवसाला पाच-सहा सिगरेटी. रोजची गोळी सुरू करू का?

---

बाभूळबन | १९ ऑक्टोबर, रात्री १०.३६

नाही. पस्तिशीनंतर सिगरेट आणि ही गोळी एकत्र नको, रक्ताच्या गुठळीचा आणि हृदयाचा धोका. बीपी वाढलेलं, पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली, डोळ्यांसमोर चमकून मग डोकं दुखणारी अर्धशिशी, नुकतं बाळंतपण, यांनाही नको. दुसरे बरेच उपाय आहेत, भेटून ठरवा.

स्पष्टवक्ता, तुमचं राहिलं. मोठ्या अभ्यासांतून गोळीमुळे ठरून वजन वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. आणि थांबवली की बहुतेकींना काही महिन्यांत दिवस राहतात. गोळी चुकवणाऱ्यांना तर लगेच राहतात, हा धागाच त्याचा पुरावा.

---

आजोळ | २० ऑक्टोबर, सकाळी ७.४५

मी ६९. दोन मुलांच्या मध्ये तांबी बसवली होती, १९८० च्या आसपास. लाल त्रिकोणाचे दिवस. रोज आठवण ठेवायची भानगड नको म्हणून.

शून्यपूर्णांकाने बाकीच्यांचे आकडे पण द्यावेत. एक माझी तक्रारही लिहून ठेवते. इतक्या प्रतिसादांत सगळं बाईने काय गिळायचं, कधी गिळायचं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा ना गोळी होती ना तांबी. आणि त्या माणसाने स्वतःची नसबंदी करून घेतली होती. शंभर वर्षं झाली. आमच्या सोसायटीत एक पुरुष दाखवा.

---

शून्यपूर्णांक | २० ऑक्टोबर, सकाळी ८.२०

आजी, देतो. वर्षाला शंभरात किती, प्रत्यक्ष वापरातले: ऐनवेळी बाजूला होणं २०, निरोध १३, गोळी ७, तांबी ०.८, बाईचं ऑपरेशन ०.५, पुरुषाची नसबंदी ०.१५. निरोध नियमाने वापरला तर २ वर येतो, बाजूला होणारे कितीही शिस्तीचे असले तरी ४. तांबीचे नियमाचे आणि प्रत्यक्षातले आकडे जवळजवळ सारखे आहेत, कारण तिथे विसरायला काही उरतच नाही.

आणि तुमच्या तक्रारीला आकडा हवा असेल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. गोळी ५.१.

मी केलीय. २०१८ मध्ये, दुसऱ्या मुलीनंतर. शनिवारी केली, सोमवारी ऑफिसला. तीन महिने मात्र निरोध वापरावा लागतो, तपासणीत शुक्राणू नाहीत हे कळेपर्यंत. हे न पाळता 'ऑपरेशन फेल गेलं' म्हणणारे माहितीत आहेत.

---

आजोळ | २० ऑक्टोबर, सकाळी ८.२३

जिंकलास रे बाबा.

---

निळा_रेनकोट | २० ऑक्टोबर, सकाळी ११.१०

समजा उपाय करूनही दिवस गेले, आणि लग्न झालेलं नसेल, तर? मित्रासाठी विचारतोय.

---

बाभूळबन | २० ऑक्टोबर, दुपारी २.४०

तुमच्या मित्राला सांगा, गर्भनिरोधक फसल्यामुळे राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने काढता येतो. पूर्वी कायद्यात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असं होतं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' झालं. तिची ओळख गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ती सज्ञान असेल तर सही तिची एकटीची पुरते, नवऱ्याची किंवा वडिलांची लागत नाही. मेडिकलमधून कुणी गुपचूप दिलेल्या गोळ्या घेऊ नका. गर्भ नळीत असला तर त्या गोळ्यांनी काम होत नाही आणि जीवावर बेतू शकतं.

---

चिंचपाणी | २५ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

दुसरी टेस्ट केली. या वेळी किट स्वतः जाऊन आणलं, तारीख बघून. एकच रेघ. बाथरूममध्ये पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

नवं पाकीट १८ लाच सुरू केलं होतं, आजची आठवी गोळी. बाभूळबन, तुमच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या सात दिवसांत निरोधही वापरला, चुकून माकून नको. नवऱ्याने हा धागा पूर्ण वाचला. शून्यपूर्णांकांचा प्रतिसाद दोनदा वाचला असं वाटतंय, काही बोलला नाही अजून.

सासूबाईंना परवा फोनवर सगळं सांगून टाकलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, आमच्या वेळी कावळा शिवला म्हणून बाहेर बसायचो ते बरं होतं, निदान गोळ्या तरी गिळायला लागत नव्हत्या.

---

बाभूळबन | २५ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

उत्तम. पुढच्या चॉकलेटींनंतर दुसऱ्या दिवशी काय करायचं?

---

चिंचपाणी | २५ ऑक्टोबर, सकाळी ७.०८

पाळी येवो न येवो, नवं पाकीट. फोनवर 'दूध' नावाने गजर लावलाय.

---

मेडिकलवाला | २९ ऑक्टोबर, रात्री ९.४०

लांबवायच्या गोळ्यांच्या खणावर आतून चिठ्ठी चिकटवलीय: 'दुसरी रोजची गोळी चालू आहे का? टीबी? बीपी?' दिवाळीची गर्दी आहे. आज पाच जणांना विचारलं. चौघे नवरे होते, एकालाही माहीत नव्हतं. तिघांनी दुकानातूनच बायकोला फोन लावला. चौथा म्हणाला, तू दे गोळी, जास्त शहाणपणा करू नकोस. त्याने पुढच्या दुकानातून घेतली असणार.

पाचवी स्वतः आली होती. तिला विचारल्यावर पर्समधून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. मी चॉकलेटींवर बोट ठेवून समजावलं आणि लांबवायची गोळी दिलीच नाही. पन्नास रुपयांचा धंदा बुडाला.